बाहेरचे नावाचा रकाना

जगदेवीच्या हातात कागद आला आणि तिची नजर नेमकी तिसऱ्या रकान्यावर अडकली. पहिला रकाना गावाच्या नावाचा, दुसरा ‘आपले’ आणि तिसरा ‘बाहेरचे’. ठळक अक्षरात टाईप केलेलं, खाली रेघ ओढलेली. बाकीची पानं तिनं मागाहून वाचली, पण त्या वेळी तिला दुसरं काही दिसेना. समोर बंगळूरच्या मुख्य कचेरीतून आलेले दावीदराज साहेब बसले होते, शेजारी मंडळाचे अध्यक्ष गुरप्पा मास्तर, आणि खिडकीपाशी मंडळाचा वकील अनिलकुमार. त्यानंच हा कागद मूळ इंग्रजीवरून मराठीत उतरवला होता. बिदरला कोर्टाच्या रस्त्यावर, सायकलच्या दुकानाच्या माडीवरची ही खोली. दोन हजार नऊ सालचा फेब्रुवारी, सकाळचे अकरा. खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं. बैठक होती ती मंडळ वाढवायची. आज एक खोली आहे, तीन वर्षांत चार व्हायच्या होत्या. औरादला एक, भालकीला एक, आणि तिकडे गुलबर्गा जिल्ह्यात अफजलपूरला एक. प्रत्येक ठिकाणी एक वकील, एक संगणक, आणि सगळ्यांत मिळून एक जीप. जगदेवीनं अकरा वर्षं ह्याच दिवसाची वाट बघितली होती, खोटं कशाला बोला. सकाळी तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं आणि आरशात बघून स्वतःलाच म्हणाली होती, जगदेवी, आज तुझ्या नवऱ्याचं काम मोठं व्हायलंय. आणि आता बघा, एका शब्दापाशी तिचं गाडं अडलं होतं.

बाहेरचे. साधा शब्द. पण जगदेवीच्या अंगाला तो चांगला ओळखीचा होता. संतपूरला तिचं घर गावाच्या बाहेर. शाळेत पाण्याचा माठ आत आणि ती बाहेर, ओंजळ धरून, कुणी वरून ओतेल त्याची वाट बघत. तिच्या आईला महिन्यातले चार दिवस बायका बाहेरची म्हणत, आणि उरलेले सव्वीस दिवस सगळं गाव म्हणे. कुणाचं पोर तापात बडबडायला लागलं की म्हातारे मान हलवून सांगत, बाहेरचं आहे, उतरून टाका. आणि ते उतरलेलं लिंबू टाकायचं कुठं, तर ह्यांच्या घरांच्या अंगाला. म्हणजे भुतंसुद्धा ह्यांच्याच आळीतली. पुढं आईबापांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा गाव म्हणालं, बाहेरच्या देवाच्या नादी लागले. जगदेवी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला ते ऐकून मनातून बरं वाटलं होतं. चला, देव तरी आपल्यासारखाच निघाला, त्यालाही कुणी आत घेत नाही. हा विचार तिनं पुढं कधी उपासनेत सांगितला नाही, पण प्रार्थनेला डोळे मिटले की तिला देव नेहमी असाच दिसायचा, कुठल्यातरी कचेरीच्या पायरीवर टेकलेला, हातात अर्ज धरून. आणि आता तिच्याच मंडळाच्या कागदावर, तिच्याच माणसाच्या हातानं, तोच शब्द छापून आला होता. दुसऱ्यांसाठी. बाहेरच्या बाईनं बाहेरच्यांना बाहेरचं म्हणायचं आणि खाली सही करायची. तिची कानशिलं तापली. बावन्न वर्षांच्या बाईला एका शब्दानं असं व्हावं ह्याची तिला लाजही वाटली, आणि मग लाज वाटल्याचाच राग आला.

दावीदराज साहेब कानडीत समजावून सांगत होते. माणूस वाईट नव्हता, हे जगदेवीनं मनातल्या मनात दोनदा कबूल केलं. आवाज हळू, बोलणं अदबीचं, आल्याआल्या सगळ्यांना हात जोडून सलाम केलेला. ते म्हणत होते की काम चांगलं आहे पण त्याला कड नाही. जो येईल त्याच्यामागं तुम्ही धावता. तुमच्याकडं आलेल्या माणसांत ख्रिस्ती निम्मेसुद्धा नाहीत, उरलेले धनगर आहेत, मुसलमान आहेत, कोण कोण आहेत. आम्हाला वर विचारतात की ही सेवा कुणाची आणि कुणासाठी, तर आम्ही काय सांगायचं? तेव्हा आधी आपले, मग जमलं तर बाहेरचे. दुसरं म्हणजे, मंडळाचं नाव बदलू. तिसरं, नियम नववा. मुख्य कचेरीच्या लेखी परवानगीशिवाय मंडळाच्या कुणीही पोलीस ठाण्यात जायचं नाही, कारण दिवस वाईट आहेत, मागच्याच वर्षी ठिकठिकाणी प्रार्थनेच्या घरांवर दगड पडले, उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको. गुरप्पा मास्तर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. निवृत्त शिक्षक, सज्जन माणूस, पण वरून आलेला कागद म्हटला की त्यांच्या पाठीचा कणा थोडा मऊ पडायचा. जगदेवी ऐकत होती आणि नियम नववा वाचत होती. ह्या मंडळाचं काम देवळातलं कधी नव्हतंच. ते ठाण्यातलं होतं. कुणाला कागद न दाखवता धरून नेलं, कुणाची फिर्याद घेतली नाही, कुणाला दाखला न देता महिनोन्महिने हेलपाटे मारायला लावले, की त्या माणसाबरोबर उठून जायचं, एवढंच ते काम. बरोबर जायचं. ते जायचंच काढून घेतलं तर उरतं काय, चार खोल्या आणि जीप.

नावावरून मात्र तिला हसू आलं आणि तिनं ते पदरात लपवलं. ‘तारण सेवा मंडळ’ हे नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलेलं. शांतवनराव, चर्चचे पाळक. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. जन्मापासून मिशनच्या आवारात वाढलेला माणूस, त्यांच्या मराठीत तारण म्हणजे आत्म्याची सुटका, दुसरं काही नाही. उरलेल्या सगळ्या जिल्ह्यात तारण म्हणजे सावकाराकडं ठेवायची वस्तू. हे त्यांच्या गावीही नव्हतं. पाटी लागली आणि पहिल्या महिन्यात पितळेचे हंडे घेऊन पाच माणसं माडी चढून आली. शांतवनराव प्रत्येकाला बसवून प्रेमानं विचारायचे, भाऊ, तुम्हाला तारण पाहिजे काय? आणि तो बिचारा म्हणायचा, हौ साहेब, किती मिळतंय? जगदेवी पडद्याआड हसून हसून बेजार. पाटी बदला म्हणून तिनं किती डोकेफोड केली, पण त्यांचं एकच, चुकून का होईना, माणूस जिना तर चढतोय.

नागूबाईसुद्धा चुकूनच जिना चढली होती. दोन हजार एकचा उन्हाळा. हुलसूरच्या पुढं मिरखेडी म्हणून गाव आहे, त्याच्या शिवारातली धनगरीण. काळी, उंच, कपाळभर कुंकू. आत आली ती थेट जगदेवीसमोर बसली आणि ओच्यातून चांदीचे वाळे काढून टेबलावर ठेवले. तिच्या पोराला, गुंडाप्पाला, मेंढरं चोरल्याच्या संशयावरून धरून चार दिवस झाले होते. कोर्टापुढं नेलं नव्हतं, भेटू दिलं नव्हतं, धरलंय म्हणून कबूलही करत नव्हते. गावातल्या कुणा शहाण्यानं सांगितलं, काहीतरी दे, सुटेल. म्हणून ती वाळे तारण ठेवायला बिदरला आली होती. जगदेवीनं तिला समजावलं की इथं पैसे मिळत नाहीत, हे तसलं दुकान नव्हे. नागूबाईनं विचारलं, “मंग पाटी कामून लावलीसा?”

आठ वर्षं झाली, पण हा प्रश्न जगदेवीच्या मनातून उठलेला नव्हता. नागूबाई आली तोपर्यंत मंडळ अर्ज लिहून द्यायचं, तेही बहुतेक मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, लोकांचे, आणि शांतवनराव त्या दिवशी दुसऱ्या गावी उपासनेला गेले होते. ती उठली, खोलीला कुलूप घातलं आणि नागूबाईबरोबर एसटीत बसली. वाटेत तिला कळेना की आपण जाऊन करणार काय. पोलीस ठाणं तिनं तोवर फक्त रस्त्यावरून बघितलं होतं. मग तिला आई आठवली. तिच्या शाळेच्या दाखल्यासाठी आई संतपूरच्या शाळेच्या पायरीवर तीन दिवस बसली होती. आत ये म्हणून कुणी म्हणालं नाही, आणि जा म्हणून सांगितलं तर ती गेली नाही. भांडली नाही, रडली नाही. हेडमास्तर येता-जाता तिला ओलांडून जायचे, आणि दर वेळी ती उठून एकच विचारायची, सायब, पोरीचा कागद? तिसऱ्या दिवशी ओलांडायचा कंटाळा आला म्हणून असेल, पण कागद मिळाला. आयुष्यभर ज्यांना बाहेर बसवलं त्यांना एक गोष्ट चांगली येते, बसायला येतं. जगदेवीनं नागूबाईला तेच सांगितलं. ओरडायचं नाही, पाया पडायचं नाही, काही द्यायचं नाही. पायरीवर बसायचं, आणि दर तासाला उठून एकच विचारायचं, धरल्याचा कागद कुठं आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून त्या मिरखेडीच्या ठाण्याच्या पायरीवर बसल्या. जमादारानं दटावलं, मग चेष्टा केली, मग पाणी विचारलं. दिवस मावळायच्या आत गुंडाप्पाला बाहेर काढलं, आणि त्याच्या हातात एक कागदही दिला, काहीतरी खरडलेला. नागूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद उलटा धरला आणि ठाण्यातल्या सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. गुंडाप्पा पुढं हैदराबादला गेला, तिकडं मोठमोठ्या इमारतींवर काम करतो. मेंढरांचं नाव काढत नाही.

नागूबाईचा बाप्तिस्मा झाला काय? नाही. ती बिरोबाची आणि बिरोबाचीच राहिली. दोनदा मंडळीच्या उपासनेला आली, मागं बसली, आणि पाळकांचा संदेश लांबला तेव्हा सरळ झोपली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी एकदा शांतवनरावांना छेडलं होतं की इतक्यांना सोडवलंत, त्यातले प्रभूकडं किती आले? शांतवनराव म्हणाले, आत्ता ठाण्यातून सुटलाय बिचारा, लगेच देवाच्या तावडीत कशाला द्यायचा, आधी घरी तरी जाऊ द्या. वडीलधाऱ्यांना ते आवडलं नाही. जगदेवीला तेव्हा भीती वाटली होती की ह्यांची पाळकी जाईल. आता ह्या खोलीत, हा कागद हातात धरून, तिला वाटलं की तो माणूस इथं असता तर बरं झालं असतं. नुसता बसला असता तरी चाललं असतं.

नागूबाई मात्र रिकामी परतली नव्हती. महिन्याभरात ती दुसऱ्या एका बाईला घेऊन आली, मग ती बाई आणखी कुणाला. तुळजा आली, तिचा नवरा पुण्याहून परतताना वाटेतच उचलला होता. हुलसूरचा एक मुसलमान न्हावी आला. ह्या लोकांनी पुढंपुढं बिदरला यायचंही सोडलं. आपापसात जाऊन बसायला लागले, आणि महिना-दोन महिन्यांनी कुणाकडून तरी जगदेवीला कळायचं की अमक्या ठाण्यात बसलो होतो, माणूस सुटला. ह्याचा हिशोब कुठल्या रकान्यात मांडायचा? दावीदराज साहेबांच्या कागदावर ह्या लोकांच्या गावांपुढं दुसऱ्या रकान्यात शून्य होतं. मिरखेडी, आपले, शून्य. तिनं बोट ठेवून वाचलं. मग तिला आठवलं की मिरखेडीला एक घर आहे आपलं, ग्यानबा पाळकाचं. तरणा पोरगा, बाप्तिस्मा झाला तरी नाव ग्यानबाच ठेवलेलं, बायको रेणुका. दोन वर्षांपूर्वी तिकडं राहायला गेले होते. यादी जुनी होती. तिनं पेन काढून शून्याच्या जागी दोन केले, आणि मग तिचं तिलाच वाटलं, हे मी काय करायलेय, ह्यांच्याच रकान्यात माणसं बसवायलेय.

तिनं अनिलकुमारकडं वळून विचारलं, “अनिल, तू कुटल्या रकान्यात बसायलास रे?” अनिलकुमार गोंधळला. संतपूरच्या शेतकरी घरातला मुलगा, घरची तूर-सोयाबीनची शेती, घरात शिवलिंगाची पूजा. ज्या विहिरीवर जगदेवीच्या आईला चढू देत नसत ती विहीर ह्याच्या आजोबांची. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्यावर कधी बोलले नव्हते. सात वर्षं तो मंडळाच्या केसेस बघत होता, आणि टाईप करताना त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं की ‘बाहेरचे’ म्हणजे त्यात तो स्वतःही आला. त्याचा चेहरा पडला. मूळ इंग्रजीत वेगळा शब्द आहे, असं काहीतरी पुटपुटला. मास्तर म्हणाले की शब्दाचं काय एवढं, अक्का, शब्द बदलता येतो, आत्ता सही करून टाकू. दावीदराज साहेबही लगेच म्हणाले, हो हो, ‘इतर’ लिहा. जगदेवीला हसावं की रडावं कळेना. इतर. म्हणजे दारावरची पाटी बदलायची, दार तेवढंच बंद.

आणि तेवढ्यात तिच्या पिशवीतला मोबाईल वाजला. रेणुका होती, ग्यानबा पाळकाची बायको, मिरखेडीहून. श्वास लागलेला. सकाळी घरात नेहमीची प्रार्थना चालली होती, आठ-दहा माणसं. तक्रार आली म्हणून ठाण्यातून दोघं आले आणि ग्यानबाला घेऊन गेले. कागद नाही, काही नाही, चौकशीला नेतोय म्हणाले. ती ठाण्यात गेली तर तिला दारातूनच परत लावलं. जगदेवीनं विचारलं, मारलंय का? रेणुका म्हणाली, बघू देईनात, अक्का. जगदेवीनं तिला दोनच गोष्टी सांगितल्या, घरी थांबू नको आणि एकटी राहू नको, मी निघाले. फोन ठेवून तिनं झालं ते खोलीत सांगितलं आणि चप्पल शोधायला लागली.

दावीदराज साहेब उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. ते म्हणाले की नक्को, अक्का, असं धावून जाऊ नका. बंगळूरहून वरच्या साहेबांना पत्र लिहू, चार दिवसांत उत्तर येईल, पद्धतशीर होईल. तुम्ही तिथं जाऊन बसलात की उद्या पेपरात येईल, मग ह्या योजनेला वरून कोण मान्यता देणार? तुम्ही नियम नववा वाचलात ना? जगदेवी म्हणाली, वाचला. मग ते म्हणाले की तुम्ही आज सही न करता गेलात तर मला हे कागद परत न्यावे लागतील, आणि पुढच्या वर्षी ही मदत दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. धमकी नव्हती ती, नुसती माहिती होती, आणि म्हणूनच ती खरी होती. मास्तरांनी पेन पुढं केलं. अक्का, अर्धा मिनिट लागतो, सही कर आणि जा. पेनाचं टोपण त्यांनी काढूनही ठेवलं होतं. औराद, भालकी, अफजलपूर. त्या तिन्ही खोल्या जगदेवीला अगदी डोळ्यासमोर दिसल्या, खिडक्यांसकट. ह्या माडीच्या जिन्यावर आताशा तिचे गुडघे दुखत, आणि आपल्यामागं हे काम कोण बघणार ह्या काळजीनं तिला झोप लागत नसे. त्या तीन खोल्यांत त्या काळजीचं उत्तर होतं. नको म्हणणं सोपं नव्हतं, कुणी तसं समजू नये.

आतापर्यंत ती साहेबांशी कानडीत बोलत होती. आता तिच्या तोंडून मराठीच आलं, संतपूरचं. “साहेब, ग्यानबा तर तुमच्या दुसऱ्या रकान्यातला हाय. त्यालासुदिक तुमी चार दिवस आत ठिवायलात. मंग तिसऱ्या रकान्यातल्यानं काय आशा करायची? खोल्या वाढवायच्या तर वाढवा, माझी ना न्हाई. पर मला ठाण्यात जायला कुनाची परवानगी लागती आसं झालं, तर त्या खोल्यांत बसून मी काय करू? लहान ऱ्हाऊ द्या आमाला.” आणि अनिलकुमारकडं बघून म्हणाली, ह्याचं भाषांतर करू नको, त्यांना समजलंय. साहेबांना खरंच समजलं होतं. ते खाली बसले आणि कागद गोळा करायला लागले, नीट, कडा जुळवून. मास्तरांनी पेनाला टोपण घातलं. जगदेवी जिना उतरली, आणि मागून काळा कोट खांद्यावर टाकून अनिलकुमार धडाधडा उतरत आला. बस कशाला, गाडी आहे माझी, म्हणाला.

मोटारसायकलवर मागं एका अंगाला बसून जगदेवी भालकीच्या रस्त्याला लागली. उन्हं चढलेली, दोन्हीकडं हरभरा काढून झालेली रानं, मधेच उसाचा एखादा हिरवा तुकडा. भालकीच्या फाट्यावर पुण्याच्या बसला लोकांची गर्दी, पेट्या, पोती, कडेवर पोरं. सगळा मुलुख बाहेर निघालाय, तिच्या मनात आलं, आणि जिकडं जातील तिकडं हे पुन्हा बाहेरचेच. पुण्यात ह्यांना कानडी म्हणतात, बंगळूरला मराठी म्हणतात, हैदराबादला नुसतं ए म्हणतात. तिथं कुठल्या ठाण्यात धरलं तर ह्यांच्या पायरीवर कोण बसणार? मग राग आला तो स्वतःचाच. मोठी निघालीस बाई, तीन खोल्या हातच्या घालवल्यास आणि आता पुण्याची काळजी करायलीस. शांतवनराव असते तर काय म्हणाले असते? त्यांनी सही केली असती काय? तिनं प्रामाणिकपणे विचार केला आणि तिला सांगता येईना. कदाचित केली असती, आणि तरी ठाण्यात गेले असते, आणि नियम विसरलो म्हणाले असते. त्यांना तसं जमायचं. तिला जमत नव्हतं. सही केली की ती तिच्या हाताला चिकटून राहिली असती. वारा कानात शिरत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते वाऱ्यानंच येतंय असं तिनं ठरवलं. मग मिरखेडीला पोचल्यावर काय करायचं ते मनाशी मांडायला लागली. आधी रेणुकाला शोधायचं. मग पायरीवर बसायचं. दोघी बाया आणि एक वकील. संध्याकाळपर्यंत निभलं तर निभलं, नाहीतर उद्या पुन्हा. फौजदार नवा आलाय म्हणतात, कसा आहे कुणास ठाऊक. तीन माणसांना उठवून लावणं फौजदाराला काय अवघड. असं मनात येत होतं आणि तरी आतून काहीतरी हट्टानं म्हणत होतं, लाव बघू उठवून. लाव तर खरं.

मिरखेडीचं ठाणं म्हणजे जुन्या नाक्याची इमारत, पुढं लिंबाचं झाड आणि पाच पायऱ्या. गाडी थांबली तेव्हा साडेतीन झाले होते. जगदेवी उतरली आणि तिथंच उभी राहिली. पायऱ्या भरल्या होत्या. सगळ्यांत वर नागूबाई, उंच, आता केस पांढरे, कपाळभर कुंकू. तिच्या खाली तुळजा. तिच्या खाली हुलसूरचा न्हावी, दोन धनगर म्हातारे घोंगडी खाली घालून, तीन-चार बाया, ज्यातली एकही जगदेवीच्या ओळखीची नव्हती. नागूबाईला लागून रेणुका, डोकं खाली घालून, आणि तिच्या पाठीवर नागूबाईचा हात. कुणी ओरडत नव्हतं. आत यायला-जायला पायरीच्या कडेला वीतभर जागा ठेवलेली, मुद्दाम. त्या वीतभर जागेतून नवा फौजदार बाहेर आला होता आणि घाम पुसत नागूबाईला विचारत होता, बहुतेक दहाव्यांदा, की तू ख्रिस्ती आहेस काय? तुझ्या जातीचा आहे काय तो? मग तुझा कोण लागतो?

नागूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “लागत काय न्हाई, सायब. तुमी धरलासा म्हनून आलोय. सोडलासा की जाऊ.”

फौजदारानं पायऱ्यांवरून नजर फिरवली, मग झाडाखाली उभ्या असलेल्या काळ्या कोटाकडं बघितलं, आणि आत वळून कुणाला तरी म्हणाला की तो कागद तयार करा लवकर. जगदेवीला एकदम जोर आला. सवयीनं ती पुढं झाली. पदर खोचून पायरी चढायला लागली, आत जाऊन विचारायला, धरल्याचा कागद कुठं आहे. हे विचारायचं काम आठ वर्षं तिचंच. तिला ते पाठ होतं. चौथ्या पायरीवर नागूबाईनं तिचा पदर धरला.

“बस, अक्का. आता तुळजाची बारी हाय. तिच्यामागं न्हाव्याची. तुझी सहाला.”

अनोळखी बायांपैकी एकीनं सरकून जागा केली, आणि जगदेवी तिच्या शेजारी बसली.